हुकुमचंद मिलचे खाते अजून बंद झालेले नाही



२५ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या इंदुरात एक मोठा समारंभ झाला. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश ऑफिशियल लिक्विडेटर आणि कामगार संघटनेचे प्रमुख यांच्याकडे सुपूर्द करण्यात आला. पंतप्रधान दूरदृश्य माध्यमातून उपस्थित होते. सुमारे ४,८०० कामगार-कुटुंबांना याचा लाभ होईल असे जाहीर झाले. कामगारांच्या हाती पैसा आला याचा आनंद आम्हालाही झाला, आणि जे योग्य झाले त्याला योग्यच म्हटले पाहिजे.

परंतु तेव्हापासून सुदामा नगरात, अन्नपूर्णा रोडवर, आपल्या कोणत्याही घरी मिलचा विषय काढला की एकच उत्तर ऐकू येते, "ते प्रकरण मिटले हो! आता तिथे काय राहिले आहे?" आमचे स्पष्ट म्हणणे आहे की प्रकरण मिटलेले नाही. मजुरीचे देणे चुकते झाले, तेही किती उशिराने ते पुढे पाहूच. पण त्या जागेवर या शहराचे आणखी एक देणे आहे. ते कोणत्याही न्यायालयात दाखल झालेले नाही, त्याचा दावेदार पुढे आलेला नाही, आणि म्हणूनच ते बुडण्याच्या मार्गावर आहे. तो दावेदार आपण व्हावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत खतावण्या जुळवणारे कारकून. तेव्हा भावनेपूर्वी आकडे पाहू.

मिल बंद पडली १२ डिसेंबर १९९१ रोजी. त्या दिवशी हजेरीपटावर ५,८९५ कामगार होते. २००७ साली उच्च न्यायालयात कामगारांचे देणे २२९ कोटी रुपये निश्चित झाले. भागाकार केला तर माणशी सरासरी सुमारे ३ लाख ८८ हजार रुपये. मधल्या काळात काही रक्कम तुकड्यातुकड्यांनी मिळाली, बाकीसाठी २०२३ उजाडले. मिल बंद पडल्यापासून तब्बल ३२ वर्षे.

बँकेत नवीन माणसालाही ठाऊक असते की रक्कम वर्षाला ९ टक्क्यांनी ठेवली तर ८ वर्षांत साधारण दुप्पट होते. १६ वर्षांत चौपट, २४ वर्षांत आठपट आणि ३२ वर्षांत सोळापट. याचा अर्थ असा की १९९१ साली ज्याचे १०० रुपये अडकले, त्याला २०२३ साली १,६०० च्या आसपास मिळाले असते तर तो जिथल्या तिथे राहिला असता. हे केवळ समजण्यासाठी दिलेले उदाहरण आहे, पण थकलेल्या पगाराचे ३२ वर्षांत काय होते ते यावरून कळावे.

कायदा नव्हता असेही नाही. १९८५ साली कंपनी कायद्यात कलम ५२९-अ घातले गेले. कंपनी गुंडाळली जाताना कामगारांचे देणे आणि तारण घेतलेल्या सावकारांचे, म्हणजे मुख्यतः बँकांचे देणे, एकाच पंक्तीत धरावे असे ते कलम सांगते. कागदावर उत्तम. पण पंक्तीत पान मांडले तरी वाढणारा यावा लागतो! येथे मिलची, सरकारची आणि महापालिकेची जमिनीवरून तंटेबखेडे चालू राहिली आणि पानावर बसलेली माणसे एकेक करून उठून गेली, काही घरी आणि पुष्कळशी थेट स्मशानात. देणे घ्यायला अखेर त्यांच्या विधवा आणि मुले आली.

यात कोण्या एका पक्षाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. १९९१ साली भोपाळला भाजप आणि दिल्लीला काँग्रेस होती. १९९३ ते २००३ भोपाळला काँग्रेस, मग १५ वर्षे भाजप, मग सव्वा वर्ष काँग्रेस, मग पुन्हा भाजप. प्रत्येक निवडणुकीत हुकुमचंद मिल जाहीर सभेत आली आणि मतमोजणीनंतर परत गेली. शेवटी देणे फिटले, ते कोणाच्या खिशातून नव्हे तर जमिनीतून. राज्य सरकारने रक्कम एकदम द्यावी, मिलची जमीन ताब्यात घ्यावी आणि तिचा निवासी व व्यापारी विकास व्हावा, असा तोडगा न्यायालय आणि संघटना या सर्वांच्या संमतीने ठरला. काम गृहनिर्माण मंडळाकडे गेले. जागा सुमारे साडेबेचाळीस एकर, म्हणजे साडेअठरा लाख चौरस फूट. शहराच्या ऐन मध्यात!

हा तोडगा आम्ही चूक म्हणत नाही. पण जमीन मोजली, देणे मोजले, आणि त्या जमिनीवर जे उभे होते ते मात्र कोणी मोजले नाही. विणकामाची खाती, धुराडे, फाटक, कामगारांची दप्तरे, आणि माणसांनी सोडून दिल्यावर तीन दशकांत तेथे आपोआप वाढलेली दाट झाडी, यांची किंमत कोणत्या रकान्यात लिहिली? २०२५ साली ही झाडे वाचावीत म्हणून इंदूरचे नागरिक रस्त्यावर उतरले. झाडांच्या बाजूने बोलायला माणसे निघाली, फार चांगले झाले. मिलच्या इतिहासाच्या बाजूने कोण निघाले?

मिल कोणाची?

आपल्यातले काही जण म्हणतात, "मिल शेटजींची, कामगार परदेशीपुऱ्याचे. आपला काय संबंध?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्याच संस्थानाचा इतिहास वाचलेला नाही.

इंदुरात कापडाची पहिली मिल कोणा शेटजींनी नव्हे, तर होळकर दरबाराने काढली. दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी १८६६ च्या सुमारास तिचे काम हाती घेतले आणि १८७०-७१ पर्यंत ती चालू झाली. यंत्रे विलायतेची. रेल्वे तेव्हा इंदूरला पोचलेली नव्हती. खंडव्याहून हत्ती लावून ती यंत्रे घाट चढवून आणल्याची हकीकत आजही सांगितली जाते. रेल्वे यावी म्हणून याच महाराजांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले. एका देशी संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज द्यावे आणि त्यातून आपल्या रयतेसाठी रेल्वे आणावी, हा व्यवहार बँकेतल्या माणसाला आजही थक्क करतो.

काळही तसा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. माळव्याची काळी जमीन कापसाची. कापूस पिकवायचा आपण, तो मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा, आणि त्याचेच कापड चौपट भावाने परत घ्यायचे, हा आतबट्ट्याचा धंदा तुकोजीरावांना दिसला. पुढे दादाभाई आणि टिळकांनी जो विचार देशाला सांगितला, त्याचा एक धडा इंदूरच्या दरबाराने आधीच गिरवून ठेवला होता.

दुसरा टप्पा अफूचा. माळव्याची अफू चीनला जात असे आणि इंदूरच्या पेढ्या त्यावर गबर झालेल्या होत्या. १९०७ च्या करारानंतर हा व्यापार आवळत गेला आणि १९१३ पर्यंत चीनकडची निर्यात थांबली. मोकळे झालेले भांडवल कापडाकडे वळले. १९०९ च्या सुमारास मालवा मिल, १९१५-१६ च्या सुमारास सर सेठ हुकुमचंदांची हुकुमचंद मिल, आणि १९२० नंतर स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार अशी रांग लागली. दरबारची जुनी स्टेट मिल भंडारींकडे चालवायला गेली. रोपटे दरबारने लावले, मळा सावकारांनी फुलवला आणि घाम कामगारांनी गाळला. यातले एकही नाव वगळून इंदूरचा इतिहास लिहिता येणार नाही.

या मिलांच्या भोवतीच अर्धे शहर वसले. पाटनीपुरा, परदेशीपुरा, गुलझारीलाल नंदांच्या नावाचे नंदानगर. १९६२ साली होमी दाजी इंदुरातून लोकसभेत गेले ते याच कामगारांच्या बळावर. भोंग्यावर घड्याळे लावणारे शहर होते हे! आपल्या जुन्या घरांतूनही कोणी हिशेबखात्यात, कोणी टाइमकीपर, कोणी विणकाम खात्यात, कोणी मिलच्या दवाखान्यात चाकरीला होते. भाऊबीजेला येणारे मिलचे लुगडे आणि मिलच्या दुकानातली चादर ज्या घरात नव्हती असे जुने मराठी घर दाखवा.

मग मिला बुडाल्या कशा? यंत्रे जुनी झाली, मालकांनी नफा काढून घेतला पण नवे यंत्र बसवले नाही. विजेच्या मागांवर बिनहजेरीपटाच्या मजुरांनी विणलेले स्वस्त कापड बाजारात आले. १९८५ च्या वस्त्रधोरणाने मिलांचे उरलेले संरक्षणही सैल केले. १९७४ साली मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी सरकारी तिजोरीलाही त्या जगवता आल्या नाहीत. आज मालवा मिल हे चौराह्याचे नाव आहे, राजकुमार मिल आणि भंडारी ही पुलांची नावे आहेत. नव्या मुलाला विचारा, त्याला वाटते भंडारी नावाच्या कोणा पुढाऱ्याने पूल बांधला असेल.

गणपती आपला, मग मिल कशी परकी?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो आपल्या समाजाने पुन्हा पुन्हा लक्षात घेतला पाहिजे.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूर झोपत नाही. मिलांच्या झांक्या निघतात, जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा असा रस्ता माणसांनी फुलून जातो. ही परंपरा हुकुमचंद मिलने सुरू केली, आणि २०२३ साली तिची शंभरी साजरी झाली. सार्वजनिक गणेशोत्सव महाराष्ट्रातून आपल्या वाडवडिलांबरोबर येथे आला हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याला झांकीचे हे रूप दिले कोणी? ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती अशा हजारो कामगारांनी. उत्तरेकडून आलेला विणकर, राजस्थानातून आलेला हमाल आणि खानदेशातून आलेला जॉबर यांनी मिळून आपल्या गणपतीला इंदूरचा गणपती केले. मराठी माणसाने या शहराला काय दिले असा प्रश्न कोणी केला, तर याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही.

आणि पुढे पाहा. १९९१ ला हुकुमचंदचे फाटक बंद झाले. पगार थांबला. माणसे हातगाड्या ओढू लागली, चौकीदारी करू लागली. पण झांकी थांबली नाही! ज्यांच्या स्वतःच्या घरात चूल पेटण्याची भ्रांत होती, त्यांनी वर्गणी मागून, विकास प्राधिकरण आणि महापालिकेकडून मदत घेऊन, दरवर्षी बाप्पाची झांकी काढली. एक रुपया पगार न देणाऱ्या मिलचे नाव त्यांनी ३२ वर्षे दिव्यांनी लिहून शहरभर मिरवले. अशी निष्ठा जगात किती ठिकाणी सापडेल?

त्या झांक्या दरवर्षी बनतात आणि मोडतात. चाकांवरचे हलते पुतळे, त्यांची यंत्रे, नकाशे, छायाचित्रे, कारागिरांची नावे, यांसाठी एक कायमचे छप्पर नाही. आपण राजवाड्यावर उभे राहून झांकी पाहतो, मुलांना खांद्यावर घेऊन दाखवतो, दुसऱ्या दिवशी पोहे-जिलबी खात कोणत्या मिलला पहिला क्रमांक मिळाला त्यावर वाद घालतो. आणि त्या मिलचे काय होणार हा विषय निघाला की म्हणतो, आपला काय संबंध. याला काय म्हणावे?

इतरांनी काय केले

आपले भाईबंद जिथे जिथे आहेत तिथे मिला बुडाल्या आहेत. त्यांच्याकडून शिकता येईल, काय करावे तेही आणि काय करू नये तेही.

नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. टाटांच्या उद्योगाचा पाया तिथे घातला गेला. आज त्या जागेवर मॉल आहे. नावात तेवढे एम्प्रेस राहिले. नाव राखले म्हणजे वारसा राखला, अशी समजूत करून देणाऱ्यांपासून सावध राहावे, म्हणून हे उदाहरण.

मुंबईत १९९१ च्या विकास नियमावलीने मिलच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी पूर्ण जमिनीची नव्हे तर केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची असा अर्थ निघाला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. एका शब्दाच्या अर्थाने शेकडो एकरांचा हिशेब फिरला. तात्पर्य, जाहीर सभेतील आश्वासनावर जाऊ नका, नकाशा आणि नियमावलीतला शब्द वाचा.

त्याच मुंबईत दादरची इंदू मिल आहे. तिची सुमारे साडेबारा एकर जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली. ती आपोआप मिळाली का? एक समाज ठाम उभा राहिला, २०११ साली कार्यकर्ते मिलमध्ये शिरले, मागणी सोडली नाही, आणि सरकारला द्यावी लागली. बाबासाहेबांचे जन्मस्थान महू आपल्या उशाशी आहे. त्यांच्या अनुयायांकडून एवढे तरी शिकावे की मागितल्याशिवाय मिळत नाही.

कोल्हापूरची शाहू मिल तर आपल्या स्टेट मिलची सख्खी बहीण. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली तिचा पाया घातला, २००३ साली ती बंद पडली. तिथे महाराजांचे स्मारक व्हावे म्हणून घोषणा झाल्या आणि वर्षे गेली. तरीही कोल्हापूरकरांनी इमारत नजरेआड होऊ दिली नाही. २०२२ साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे कार्यक्रम त्याच मिलच्या आवारात झाले. राजाचा उत्सव राजाने उभारलेल्या मिलमध्ये! आपण अहिल्यादेवींची जयंती दरवर्षी थाटात करतो. पण होळकरांनी सुरू केलेल्या उद्योगाच्या जागी जाऊन कधी एक दिवा तरी लावला गेला का?

परदेशातले एकच उदाहरण देतो. जपान सरकारने १८७२ साली तोमिओका येथे रेशमाची मिल काढली. फ्रान्सहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले. काळ तोच, हेतू तोच आणि कल्पनाही तीच जी तुकोजीरावांची. ती मिल १९८७ साली बंद पडली. तिच्या खासगी मालक कंपनीने ठरवले की विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि पाडायचीही नाही. जवळजवळ १८ वर्षे पदरचा खर्च करून इमारत राखली, २००५ साली गावाच्या स्वाधीन केली, आणि २०१४ साली युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली. त्याच वयाच्या इंदूरच्या स्टेट मिलचा एक नामफलक तरी आपण आपल्या नातवंडांना दाखवू शकतो का?

आक्षेपांना उत्तरे

पहिला आक्षेप असा घेतला जातो की पडक्या भिंती म्हणजे वारसा नव्हे, चोर-गर्दुल्यांचा अड्डा. बरोबर, ओसाड ठेवल्या तर अड्डाच होणार. राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला तेव्हा तोही पडक्या भिंतीच होता. पण कोणी म्हटले नाही की येथे दुकानगाळे काढा. तो पुन्हा उभा केला गेला. राजाचे घर जळाले तर वारसा, आणि ज्या घरात पाच-पाच हजार माणसे रोज राबत होती ते मोडले तर भंगार, हा न्याय आम्हाला मान्य नाही. होळकरांच्या दरबारालाही तो मान्य झाला नसता.

दुसरा आक्षेप, सरकारने कोट्यवधी रुपये घातले, ते जमिनीतून वसूल व्हायला नकोत का? जरूर व्हावेत. साडेबेचाळीस एकरांचा दहावा हिस्सा म्हणजे सव्वाचार एकर. एवढी जागा राखली तर उरलेल्या अडतीस एकरांत वसुली होणार नाही, असे म्हणणाऱ्याने आपला ताळेबंद जनतेपुढे मांडावा. आम्ही तो तपासायला तयार आहोत. तो आमचा रोजचा धंदा आहे. शिवाय बाग, झाडी आणि संग्रहालय शेजारी असलेल्या घरांचा भाव कमी होत नाही, वाढतो, हे कर्जाचे अर्ज पाहणारा कोणीही सांगेल.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच, आणि तो सर्वांत घातक. काही मंडळी म्हणतात, मागायचेच तर मराठी समाजासाठी भवनाचा प्लॉट मागू. आमचा याला साफ विरोध आहे. त्या जागेवर समाजाचे कार्यालय आणि लग्नाचा हॉल मागणे म्हणजे दुसऱ्याच्या तेराव्याला जाऊन आपल्या मुंजीचे आमंत्रण देण्यासारखे आहे. ती जागा कामगारांच्या मजुरीच्या बदल्यात आलेली आहे. तिथे मागायचे असेल तर सर्व शहरासाठी मागावे, त्यातच आपल्या समाजाची शोभा आहे.

दप्तरे वाचवा

इमारतीपेक्षाही लवकर मरणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे कागद. याकडे कोणाचेच लक्ष नाही, म्हणून मुद्दाम वेगळे लिहितो.

मिलची हजेरीपत्रके, पगारपत्रके, सर्व्हिस कार्डे, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, कापडाच्या नमुन्यांच्या वह्या, यांत इंदूरच्या सामान्य माणसाचा इतिहास आहे. राजेरजवाड्यांचा इतिहास बखरीत असतो, कामगाराचा हजेरीपटात असतो. कोण कोणत्या गावाहून आला, कोणत्या खात्यात किती पगारावर लागला, कोणत्या महिन्यात संप झाला, कोणत्या वर्षी साथ आली आणि किती जागा रिकाम्या झाल्या, सगळे त्यात असते.

कंपनी कायद्यात अशी तरतूद आहे की कंपनी पुरती विसर्जित झाली की तिच्या दप्तरांची विल्हेवाट ठरवून दिलेल्या रीतीने लावता येते, आणि ५ वर्षांनंतर ती दप्तरे दाखवता आली नाहीत तरी लिक्विडेटर किंवा अन्य कोणीही जबाबदार राहत नाही. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही, देणेकरी संपले की कागदांचे काम संपते. पण शहराच्या दृष्टीने ती दुसरी राखरांगोळी ठरेल. इमारतीची निदान छायाचित्रे तरी राहतील. हजेरीपट रद्दीत गेला की ५,८९५ माणसे येथे होती याला पुरावा एका निकालपत्रातील आकड्याखेरीज दुसरा राहणार नाही.

आमच्या मागण्या

एक. लिक्विडेटरकडे हुकुमचंद मिलची जी दप्तरे असतील ती नष्ट न करता शासकीय अभिलेखागाराच्या स्वाधीन करावीत, आणि यासाठी न्यायालयात रीतसर अर्ज व्हावा. अर्ज करायला समाजाने वकील द्यावा. आपल्यात वकिलांची कमतरता नाही.

दोन. साडेबेचाळीस एकरांपैकी किमान सव्वाचार एकर जागेवर जुन्या बांधकामापैकी जे काही राखण्याजोगे असेल ते राखून इंदूरच्या सर्व मिलांचे संग्रहालय व्हावे. एक चालता माग त्यात असावा, बंद काचेतला नव्हे. महेश्वरला अहिल्यादेवींच्या कृपेने बसलेले विणकर आजही हातमागावर साड्या विणत आहेत. माग चालवणारी माणसे दोन तासांच्या अंतरावर आहेत.

तीन. झांक्यांसाठी कायमची कार्यशाळा त्याच जागी असावी, जिथे वर्षभर कारागीर काम करतील आणि शाळांची मुले ते पाहतील.

चार. जुनी झाडे प्रथम मोजावीत, नकाशा मागून काढावा. आधी नकाशा आणि मग झाडे, हा उलटा क्रम चालणार नाही.

पाच. जे काही बांधले जाईल त्याचा पूर्ण नकाशा मराठी-हिंदी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात. मुंबईच्या अनुभवावरून आम्ही हे मागतो.

आता समाजाला

१९८९ ते २०१९ अशी ३० वर्षे, सलग ८ वेळा, आपल्या भाषेच्या सुमित्राताई महाजन इंदूरच्या खासदार होत्या, शेवटची ५ वर्षे लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. मराठी माणसाचे वजन या शहरात यापेक्षा अधिक कधी असणार? त्या तीस वर्षांत आपल्या किती मंडळांनी मिलांच्या वारशासाठी ठराव करून त्यांच्याकडे नेला, हे प्रत्येक मंडळाने आपापले इतिवृत्त उघडून पाहावे. नाट्यस्पर्धा, वसंत व्याख्यानमाला, कोजागिरी, हे सर्व आवश्यक आहे, आम्ही त्यात हौसेने असतो. १९१५ साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य सभा, १९१७, १९३५ आणि २००१ ची येथे झालेली साहित्य संमेलने, हा आपला मोठा ठेवा आहे. पण ज्या शहराने आपल्याला दीड-दोनशे वर्षे पोसले त्या शहराच्या पोटापाण्याच्या इतिहासाबद्दल जो समाज बोलत नाही, त्याचे साहित्यप्रेम घरातल्या शोकेसमध्ये ठेवलेल्या चांदीच्या भांड्यांसारखे आहे. पाहुण्यांना दाखवायला उपयोगी, रोजच्या स्वयंपाकाला नाही.

कोणी म्हणेल, आपली संख्या आता किती? निवडणुकीत आपल्याला कोण विचारतो? संख्या नसते तेव्हाच तर अभ्यास कामी येतो. अर्ज नीट लिहावा, कलम नीट वाचावे, आकडा बिनचूक मांडावा, आणि उत्तर येईपर्यंत स्मरणपत्रे पाठवीत राहावे. सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, विमा कंपनीत, शाळांत आपल्या तीन पिढ्यांनी दुसरे काय केले? हीच आपली ताकद आहे.

तेव्हा प्रत्येक मंडळाने आपल्या येत्या सर्वसाधारण सभेत वरील पाच मागण्यांचा ठराव मांडावा, सह्या घ्याव्यात आणि त्याच्या प्रती जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त, गृहनिर्माण मंडळ, आमदार आणि खासदार यांना पोचपावती घेऊन द्याव्यात. ज्यांच्या घरी मिलचे सर्व्हिस कार्ड, जुने छायाचित्र, बोनसची पावती किंवा कापडाचा शिक्का असलेला तुकडा असेल, त्यांनी तो माळ्यावरून काढून जपून ठेवावा, भंगारवाल्याला देऊ नये. संग्रहालय व्हायचे ते व्हावे, पण तोपर्यंत त्याचा पहिला संग्रह आपल्या घरांत सुरक्षित राहिला पाहिजे.

बैल गेला आणि झोपा केला असे होऊ देऊ नका. खाते बंद करण्यापूर्वी शिल्लक तपासायची असते. आमच्या हिशेबाने हुकुमचंद मिलच्या खात्यावर या शहराची शिल्लक अजून येणे आहे.